राजांचीं व धर्मगुरूंचीं सुवर्णपदकें

नाणें आणि पदक यांत दिसण्यापुरतें साम्य असलें तरी दोहोंचा धर्म निराळा आहे. नाणें हातोहात फिरावें म्हणून पाडलें जातें. पदक एका हातांत पडून तेथेंच राहावें म्हणून. नाण्यावर किंमत असते, पदकावर प्रसंग असतो. युरोपांतील राजे, सरदार, पोप व बिशप यांनीं विजय, विवाह, तह, राज्यारोहण, देवालयाची पायाभरणी अशा प्रसंगीं आपली मुखमुद्रा धातूवर उमटवून घेण्याची जी चाल पंधराव्या शतकापासून रूढ केली, तिच्यांतून हजारों पदकें निर्माण झालीं. त्यांपैकीं कांशाचीं व चांदीचीं पुष्कळ उरलीं. सोन्याचीं फार थोडीं. जीं उरलीं त्यांच्यामागें आज श्रीमंत संग्राहक व वस्तुसंग्रहालयें धांवत असतात. तीं इतकीं दुर्मिळ कां, या प्रश्नाचें उत्तर सोन्यांतच आहे. ज्या धातूमुळें पदकाला मान मिळाला, त्याच धातूमुळें तें मुशींत गेलें.

महाराष्ट्रांतील जुन्या घराण्यांत पुतळ्यांची माळ असे. तींतील पुतळी म्हणजे मुळांत व्हेनिसचा सोन्याचा डुकात. तो १२८४ सालापासून व्हेनिसच्या टांकसाळींत पडूं लागला आणि व्यापाराच्या ओघानें पश्चिम किनाऱ्याला येऊन पोंचला. त्याच्या एका बाजूस संत मार्कपुढें गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपति आहे, दुसऱ्या बाजूस ख्रिस्ताची उभी मूर्ति. पण येथील स्त्रियांच्या दृष्टीनें त्या सुबक पुतळ्याच होत. या डुकाताचें वजन साडेतीन ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानें सुमारें साडेतीन मासे, आणि सोनें जवळजवळ शुद्ध. जर्मन मुलुखांतील सुवर्णपदकें याच मापानें सांगितलीं जात : पांच डुकातांचें, दहा डुकातांचें, वीस डुकातांचें. दहा डुकातांचें पदक म्हणजे सुमारें तीन तोळे सोनें. पदकाची ओळख वजनावरून करून देण्याची ही रीत पुष्कळ कांहीं सांगून जाते. राजानें वकिलाला, सेनापतीला किंवा चिताऱ्याला पदक दिलें तर तो मानही होता आणि रोकडही होती. घेणाऱ्यानें मान गळ्यांत मिरवावा, आणि अडचण आली म्हणजे रोकड सोनाराकडे न्यावी, यांत नवल तें काय ?

या विध्वंसाचा प्रारंभ पदकांच्या प्रारंभाइतकाच जुना आहे. फ्रान्समधील बेरी प्रांताचा ड्यूक झां हा रसिक सरदार १४१६ सालीं वारला. त्याच्या जवाहिरखान्याच्या यादींत रोमन सम्राट् कॉन्स्टंटाइन व हेराक्लियस यांचीं भव्य सुवर्णपदकें नमूद आहेत. मूळ पदकें आज कोठेंही नाहींत. त्यांच्यावरून ओतून काढलेल्या हलक्या धातूंच्या प्रती तेवढ्या टिकल्या, आणि त्याही इतक्या अस्सल वाटत कीं पुढें कित्येक पंडित त्यांना प्राचीन काळच्याच समजत. १४३८ सालीं तुर्कांविरुद्ध मदत मागावयास कॉन्स्टंटिनोपलचा बादशहा आठवा जॉन धर्मपरिषदेकरितां इटलींत आला असतां पिसानेल्लो या चित्रकारानें त्याचें जें पदक घडविलें, तेथून आधुनिक पदककलेची परंपरा मोजतात. तें पदकही आज कांशांत व शिशांत पाहावयास मिळतें.

पण या विषयांतील खरी हृद्य हकीकत आहे ती बेन्व्हेनुतो चेल्लिनी या फ्लॉरेन्सच्या सोनाराची. १५२७ सालीं सम्राट् पांचव्या चार्ल्सच्या फौजेनें रोम शहर लुटलें व पोप सातवा क्लेमेंट सांत-आंजेलोच्या किल्ल्यांत अडकून पडला. चेल्लिनीही त्या वेळीं किल्ल्यांत तोफांवर काम करीत होता. पोपनें त्याला बोलावून आपल्या मुकुटांतील व इतर अलंकारांतील रत्नें काढावयास सांगितलीं. रत्नें कपड्यांच्या अस्तरांत शिवून लपविण्यांत आलीं आणि सोनें त्यानें एक लहानशी भट्टी रचून वितळविलें. पिढ्यान् पिढ्यांची कारागिरी अशा रीतीनें एका कारागिराच्याच हातून लगडींत उतरली. सात वर्षांनंतर, १५३४ सालीं, त्याच चेल्लिनीनें त्याच पोपचें पदक केलें. त्याच्या एका बाजूस क्लेमेंटची मुद्रा आहे. मागील बाजूसाठीं त्यानें दोन ठसे केले. एकावर शस्त्रांच्या ढिगाला आग लावणारी शांतिदेवता. दुसऱ्यावर खडकांतून पाणी काढणारा मोशे. मोशेचा संदर्भ ओर्व्हिएतो येथील खोल विहिरीचा. लुटीनंतर पोप त्या गांवीं आश्रयाला गेला होता व पाण्याची अडचण पाहून त्यानें ती विहीर खोदविण्यास घेतली होती. चेल्लिनी आत्मचरित्रांत सांगतो कीं, पदकें घेऊन तो गेला तेव्हां पोप मरणशय्येवर होता. चष्मा व दिवे आणवूनही त्याला कांहीं दिसेना. मग तो पदकें बोटांनीं चाचपून पाहूं लागला. त्यानंतर तीन दिवसांनीं तो वारला. चेल्लिनीच्या लिहिण्यांत बढाई कमी नाहीं, हें खरें. परंतु एवढा प्रसंग तरी त्यानें पदरचा घातला असेल असें वाटत नाहीं, कारण त्यांत त्याची थोरवी मुळींच नाहीं. मेहनत फुकट गेली, एवढीच त्याची तक्रार आहे.

संग्रहालयांत पोंचलेलें सोनें तरी सुरक्षित असावें, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. १८३१ च्या नोव्हेंबरांत एका रात्रीं पॅरिसच्या राजग्रंथालयांतील पदकालय चोरांनीं फोडलें. सोन्याचीं नाणीं, पदकें व पुरातन वस्तु मिळून फार मोठा ऐवज गेला. चोर सापडले, थोडा माल सीन नदींत बुडविलेल्या पोत्यांतून परत मिळाला, बाकीचा तोंपर्यंत वितळला होता. फ्रँक राजा पहिला चिल्डेरिक याच्या थडग्यांत १६५३ सालीं मिळालेलें सोनेंही त्यांतच गेलें. त्यांतील तीनशेंच्या आसपास सुवर्ण मधमाशांपैकीं आज दोनच शिल्लक आहेत. इतिहासाच्या दृष्टीनें हा दुष्काळच. चोरांच्या दृष्टीनें मात्र तो केवळ वजनाचा व्यवहार होता.

आतां या पदकांचे प्रकार. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत व सतराव्याच्या प्रारंभीं जर्मन राजेरजवाडे प्रसादचिन्ह म्हणून लहानशीं, बहुधा अंडाकृति पदकें सांखळीसह देत. त्यांना राजकृपेचें नाणें अशा अर्थाचें नांव होतें. पोपचीं वार्षिक पदकें हा दुसरा, फार सलग प्रकार. सतराव्या शतकाच्या आरंभापासून दरवर्षीं २९ जून रोजीं, संत पीटर व संत पॉल यांच्या सणाला, त्या वर्षींच्या मोठ्या कामगिरीचें पदक निघे. मान्यवरांना सोन्याचें, इतरांना चांदीचें. यांवर पुष्कळदां इसवी सन नसतो, पोपच्या कारकीर्दीचें वर्ष असतें. नवशिका संग्राहक येथेंच प्रथम अडखळतो. तिसरा प्रकार कुतूहलजनक आहे. जर्मनींतील कित्येक बिशप एकाच वेळीं धर्मगुरु व संस्थानिक असत. त्यांपैकीं एखादा मेला कीं नवा निवडला जाईपर्यंत गादी धर्मसभेच्या हातीं असे, आणि तेवढ्या रिकाम्या काळाचींही पदकें पाडलीं जात. १८०३ सालीं या धर्मसंस्थानांची राजसत्ता संपली व ती मालिका बंद पडली.

या धर्मसंस्थानांत साल्झबर्गचा थाट विशेष, कारण त्याच्या हद्दींत आल्प्स पर्वतांतील सोन्याच्या खाणी होत्या. तेथील आर्चबिशप वोल्फ डीट्रिख यानें १५९४ च्या सुमारास पाडलेल्या सोन्याचांदीवर खवळलेल्या समुद्रांत वाऱ्यांना न जुमानणारा बुरूज आहे. पुढें १६१२ सालीं त्याला पदच्युत करून त्याच्याच किल्ल्यांत कोंडण्यांत आलें, व १६१७ सालीं तो तेथेंच वारला. बुरूज टिकला; धनी टिकला नाहीं.

पदकावर कोरलेलें तेवढें सत्य, असें समजून चालणाऱ्यानें तेराव्या ग्रेगरीचें १५७२ चें पदक अवश्य पाहावें. त्या वर्षीं पॅरिसमध्यें संत बार्थोलोम्यूच्या दिवशीं ह्यूगनॉ पंथाच्या हजारों लोकांची कत्तल झाली. पदकावर हातांत क्रूस व तलवार घेतलेला देवदूत त्यांना कापून काढीत आहे. ज्या गोष्टीची लाज वाटावी तिचें तें स्मारक आहे, आणि म्हणूनच इतिहासाला तें अमोल आहे. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीचें स्पॅनिश आरमाराच्या पराभवानंतरचें सुवर्णपदक त्या मानानें सौम्य आहे. त्यांत विजांच्या माऱ्यांतही अभंग राहिलेला एका बेटावरचा वृक्ष दाखविला आहे. मुंबईशीं दूरचें नातें असलेलेंही एक पदक आहे. मुंबई बेट पोर्तुगालनें ज्या कॅथरिन राजकन्येच्या हुंड्यांत दिलें, ती व तिचा पति दुसरा चार्ल्स यांच्या मुद्रा १६७० च्या एका इंग्रजी पदकावर जोडीनें आहेत. पाठीमागें पृथ्वीचा गोल, आणि ब्रिटनचा माणूस सर्व जगांत पसरला आहे अशा अर्थाचा लॅटिन लेख. गोल केवढा आणि त्या वेळचें बेट केवढें !

अशीं पदकें गोळा करणाऱ्यापुढें पहिला प्रश्न सोन्याचा नसतो, कामाचा असतो. पदक ओतीव आहे कीं ठसा ठोकून काढलेलें ? मूळ ओतीव पदकावरून दुसरा सांचा घेऊन ओतलेली प्रत किंचित् लहान भरते, कारण धातु थंड होतांना आक्रसते. अक्षरांच्या कडाही बोथट होतात. म्हणून जाणता मनुष्य प्रथम माप घेतो. ठोकीव पदकाची अडचण उलट आहे. जुने ठसे टांकसाळींत राहतात आणि शंभर वर्षांनींही त्यांवरून पदकें काढतां येतात. चौदाव्या लुईच्या कारकीर्दीचा समग्र पदकेतिहास १७०२ सालीं २८६ पदकांच्या ग्रंथरूपानें निघाला. त्यांतील पदकें पॅरिसच्या टांकसाळीनें पुढेंही काढलीं. सुदैवानें १८३२ पासून तिनें पदकांच्या कडेवर खूण ठेवण्यास आरंभ केला : प्रथम दिवा, मग नांगर, गलबताचें तोंड, बोट दाखविणारा हात, १८६० पासून मधमाशी, व १८८० पासून समृद्धीचें शिंग. चेहरा लुईचा आणि कडेवर मधमाशी असेल, तर तें पदक नेपोलियनच्या पुतण्याच्या अमदानींतलें किंवा त्याच्या लगतचें. लुईच्या दरबारानें तें कधीं पाहिलें नाहीं. सौदा करणारे मात्र पदकाची कड सहसा दाखवीत नाहींत.

मग सोन्याची परीक्षा. सोन्याचा मुलामा दिलेली चांदी डोळ्यांना फसविते, पण पाण्याला फसवीत नाहीं. सोनें पाण्याच्या सुमारें एकोणीस पट जड, चांदी साडेदहा पट. पस्तीस ग्रॅमांचें पदक दोऱ्यानें टांगून पाण्यांत तोललें तर सोन्याचें दोन ग्रॅमांहूनही कमी घटतें, चांदीचें सव्वातीन ग्रॅमांवर. आर्किमिडीजची ही युक्ति हल्लीं एकट्यानें पुरत नाहीं, कारण टंगस्टन हा धातु सोन्याइतकाच जड आहे. म्हणून क्ष-किरणांच्या यंत्राचीही साक्ष काढावी लागते. पदकाच्या माथ्यावर कडी तोडल्याची खूण असली तर पुष्कळ संग्राहक नाक मुरडतात. तें योग्य नव्हे. तें पदक खरोखर कोणाच्या तरी गळ्यांत होतें याचा तो दाखला आहे.

किमतीविषयीं एकच उदाहरण पुरे. पोलंडचा राजा तिसरा सिगिस्मुंड याच्या नांवानें १६२१ सालीं खोचीमच्या लढाईचें स्मारक म्हणून शंभर डुकातांचें, सुमारें तीस तोळ्यांचें, सोनें पाडलें गेलें. त्याला नाणें म्हणावें कीं पदक, हा वाद सोडून देऊं. त्याची एक प्रत २०१८ च्या जानेवारींत न्यूयॉर्क येथें वीस लाख डॉलरांवर विकली गेली. बेताच्या मिळकतीच्या माणसानें यामुळें हताश व्हावयास नको. एकाच ठशाचीं पदकें सोन्यांत, चांदींत व कांशांत निघत, आणि कारागिराचें काम तिन्हींत तेंच असे.

सोन्याच्या मोहाची परमावधि पाहावयाची असेल तर ती व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयांत आहे. वेन्झेल झायलर नांवाच्या साधूनें १६७७ सालीं सम्राट् पहिला लेओपोल्ड याच्यापुढें एक प्रचंड अंडाकृति पदक द्रवांत बुडवून बाहेर काढलें आणि चांदीचें सोनें झाल्याचें दाखविलें. त्यावर सम्राट् व त्याच्या पूर्वजांच्या मुद्रा आहेत. वजन सुमारें सात किलो. १९३२ सालच्या रासायनिक परीक्षेंत त्यांत निम्म्याहून किंचित् कमी सोनें, बाकीची बहुतेक चांदी व थोडें तांबें निघालें. तेजाबानें पृष्ठभागावरची चांदी खाऊन टाकली व सोनें वर दिसूं लागलें, असा त्याचा उलगडा दिला जातो. तें पदक मात्र कोणी वितळविलें नाहीं. पूर्वीं कोणीतरी कस पाहण्यासाठीं पाडलेल्या खाचा त्याच्या कडेवर अजून आहेत.