कॅप्टन, आज निघायचं ना?

लायसन्सशिवाय शिडाची बोट? होय बॉस! ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ व्हिटसंडेची ७४ बेटं आहेत. तिथे 'बेअरबोट' भाड्याने मिळते. म्हणजे बोट त्यांची, कॅप्टन तुम्हीच! सिडनीत ऑनसाइट असताना आम्ही चौघांनी पाच दिवसांसाठी ती घेतली. मुंबईत गेटवेसमोर दोन सीझन छोटी शिडाची होडी चालवलेली, म्हणून कॅप्टनपद माझ्या गळ्यात.

एअर्ली बीचला ट्रेनिंग झालं. नियम दोनच लक्षात राहिले : दुपारी चारच्या आत नांगर पडलेला हवा आणि वारा २५ नॉट्सच्या, म्हणजे ताशी सुमारे ४६ किलोमीटरच्या वर गेला तर जागचं हलायचं नाही.

पहिले दोन दिवस झकास! निळं पाणी, भरलेली शिडं, डेकवर मॅगी. मध्येच एक सर यायची, आम्हाला भिजवून पाच मिनिटांत गायब. तिसऱ्या सकाळी मात्र रेडिओवर अंदाज आला, आग्नेयेकडून ३० नॉट्स. आम्ही होतो हुक आयलंडच्या नारा इनलेटमध्ये. डोंगरांच्या कुशीतली चिंचोळी खाडी, पाणी एकदम शांत.

''कसला वारा? निघू या ना!'' आमचा टेस्टर म्हणाला. शनिवारी तो कायमचा भारतात परतणार होता आणि व्हाइटहेवनची सात किलोमीटर पांढरी वाळू बघायची म्हणूनच तो आला होता. खरं सांगतो, मलाही मोह झाला. आणि मी नांगर उचलला.

खाडीच्या तोंडाशी पोचलो आणि बोलती बंद! समोर सगळा समुद्र पांढरा. वारा एकीकडून, भरतीचं पाणी उलट दिशेने, त्यामुळे लाटा उंच नि अगदी जवळजवळ. किचनमधली भांडी खाली आली. मी सुकाणू वळवलं. टेस्टर अवाक्षर बोलला नाही, त्याचाच जास्त त्रास झाला.

दोन दिवस तिथेच. रात्री डोंगरावरून वाऱ्याचे झोत आदळायचे, नांगर सरकत नाही ना हे बघायला आम्ही पाळीपाळीने जागलो. दिवसा वर चढून न्गारो आदिवासींची गुहाचित्रं पाहिली.

पाचव्या दिवशी वारा १२ नॉट्स, लख्ख ऊन... आणि बोट परत द्यायची वेळ!

जाणार असाल तर मे ते ऑक्टोबर बरा, नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा सीझन. आणि परतीचं तिकीट दोन दिवस पुढचंच काढा.