घोट्यातली दुर्बीण

तुकोबांची पालखी बारामती, सणसर, बेलवडी करत इंदापूरला पोचते, तोवर कित्येक वारकऱ्यांचे घोटे कुरकुरू लागतात. मुरगळलेला पाय बहुधा बर्फ, पट्टी आणि विश्रांतीने बरा होतो. पण सांध्यात हाडाची किंवा कूर्चेची कपची सुटली, तर सूज आणि कळ महिनोन्महिने हटत नाही. तेव्हा दुर्बिणीची शस्त्रक्रिया कामी येते.

घोट्याच्या पुढच्या बाजूला साधारण अर्ध्या सेंटिमीटरची दोन छिद्रे पाडतात. एकातून ४ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक दुर्बीण जाते, दुसऱ्यातून हत्यारे. सलाइनने सांधा फुगवला की आतले सगळे पडद्यावर दिसते. हा सांधा इतका अरुंद, की १९३१मध्ये अमेरिकी डॉक्टर बर्मन यांनी तो दुर्बिणीसाठी अयोग्य ठरवला होता. पुढे जपानच्या मासाकी वातानाबे यांनी बारीक दुर्बिणी वापरून १९७२मध्ये घोट्याच्या शस्त्रक्रियेची पद्धत मांडली.

जखम छोटी असली तरी धोका शून्य नसतो. कातडीखालच्या नसेला इजा होऊन पाऊल बधिर होऊ शकते. मधुमेह्यांनी पायाचा रक्तपुरवठा आधी तपासून घ्यावा. आणि पाय मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, तर चोळत बसू नका; आधी एक्स-रे काढा.