उसन्या लष्कराच्या भाकऱ्या

१५ डिसेंबर २०१३ च्या रात्री दक्षिण सुदानच्या राजधानीत, जुबामध्ये, राष्ट्राध्यक्षांच्या रक्षकदलातच गोळीबार सुरू झाला. उजाडेपर्यंत तो शहरभर पसरला होता आणि जमात पाहून माणसं मारली जात होती. विमानतळालगत संयुक्त राष्ट्रांचा तळ होता. सकाळी त्याच्या फाटकापाशी लोकांची गर्दी उसळली. कुणाच्या डोक्यावर गाठोडं, कुणाच्या कडेवर पोर, बरेचसे नेसत्या वस्त्रानिशी आलेले. तळ बांधला होता कचेऱ्या, गोदामं आणि बराकी यांच्यासाठी. तिथल्या संडासांची संख्यासुद्धा कर्मचाऱ्यांच्या हिशेबाने ठरलेली. तिथल्या शांतिमोहिमेच्या प्रमुख होत्या नॉर्वेच्या माजी मंत्री हिल्डे जॉन्सन. फाटकं उघडायची, असं ठरलं. काही दिवसांत हजारो माणसं आत होती.

त्या फाटकावर उभा असलेला एकही सैनिक जॉन्सनबाईंचा नव्हता. तो भारताचा, रवांडाचा, मंगोलियाचा. पगार, बढती आणि शिक्षा त्याच्या मायदेशाच्या हातात. जमीन यजमान सरकारची, आणि ते सरकार तर या लढाईतला एक पक्षच. पैसा न्यूयॉर्कहून मंजूर व्हायचा. बाईंचं स्वतःचं म्हणावं असं काय, तर नेमणुकीचं एक पत्र.

फुकटच्या उठाठेवीला आपण ‘लष्कराच्या भाकऱ्या भाजणं’ म्हणतो. शांतिमोहिमेचा मुलकी प्रमुख हे काम शब्दशः करतो, आणि त्याचं लष्करही उसनं असतं. गेल्या साठ-पासष्ट वर्षांतल्या अशा काही प्रमुखांचे कारभार शेजारी शेजारी ठेवून पाहिले, की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कोणती गोष्ट कुणाकडून उसनी आणली आहे आणि ती कधी परत मागितली जाईल, याचा अंदाज ज्याला होता त्याचं काहीतरी निभावलं. ज्याला नव्हता, किंवा असूनही ज्याचा इलाज चालला नाही, त्याच्या मोहिमेत माणसं मेली.

आधी रचना पाहू. सर्वांत वर सरचिटणिसांचा विशेष प्रतिनिधी. हा बहुधा मुत्सद्दी किंवा माजी मंत्री. मोठ्या मोहिमेत त्याच्या हाताखाली दोन उपप्रमुख. एकाकडे राजकारण, दुसऱ्याकडे मोहिमेचं उपप्रमुखपद, त्या देशातल्या संयुक्त राष्ट्रांच्या विकाससंस्थांचा समन्वय आणि मदतकार्य अशा तीन टोप्या. बाजूला फोर्स कमांडर आणि पोलीस आयुक्त. कागदावर हे दोघेही मुलकी प्रमुखाला जबाबदार. आपल्याकडचं कलेक्टर आणि एसपीचं नातं डोळ्यांसमोर आणायला हरकत नाही. फरक इतकाच की इथल्या एसपीचा प्रत्येक शिपाई वेगळ्या राज्याचा, आणि अवघड हुकूम आला की तो आधी आपल्या राज्याला फोन लावतो.

या नात्याची पहिली मोठी परीक्षा काँगोत झाली. १९६० च्या सप्टेंबरात राजेश्वर दयाळ हे मुरलेले आयसीएस अधिकारी सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांचे प्रतिनिधी म्हणून राजधानी लिओपोल्डव्हिलला उतरले, तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबांना बडतर्फ केलं होतं आणि लुमुंबांनी राष्ट्राध्यक्षांना. दयाळ यांच्याआधी हंगामी कारभार पाहणारे अमेरिकी अधिकारी अँड्र्यू कॉर्डियर यांनी विमानतळ आणि रेडिओ केंद्र बंद केलं. हेतू शांततेचा, पण त्याचा फटका बसला लुमुंबांनाच. एका मुलकी अधिकाऱ्याच्या सहीने देशाच्या राजकारणाचा तोल बदलला.

दयाळ यांनी लुमुंबांच्या घराभोवती संयुक्त राष्ट्रांचा पहारा ठेवला. सत्ता बळकावलेल्या कर्नल मोबुटूंचे सैनिक लुमुंबांना पकडायला निघाले, तेव्हा दयाळ यांनी साफ नकार दिला. पण पहारा घरापुरता होता. २७ नोव्हेंबरच्या रात्री लुमुंबा स्वतःच घराबाहेर पडले, काही दिवसांत पकडले गेले आणि १७ जानेवारी १९६१ रोजी कटांगात त्यांना ठार मारण्यात आलं. पाश्चात्त्य राजधान्यांचा दयाळ यांच्यावर राग होताच. मे १९६१ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. सैन्य शाबूत होतं. आटला होता तो बड्या देशांचा पाठिंबा. तोही उसनाच.

पैशाची उसनवारी किती महाग पडते, ते नामिबियाने दाखवलं. मुलकी प्रमुख फिनलंडचे मार्टी अहतिसारी, फोर्स कमांडर भारताचे दिवाण प्रेमचंद. मोहीम १ एप्रिल १९८९ ला सुरू व्हायची होती. सैनिक किती पाठवायचे यावर न्यूयॉर्कमध्ये घासाघीस चालली. खर्च वाचवण्यासाठी बड्यांना साडेसात हजारांऐवजी ४,६५० हवे होते. अंदाजपत्रक मंजूर झालं ते १ मार्चला. मग जहाजं कधी भरायची आणि माणसं कधी उतरवायची? ठरलेल्या दिवशी नामिबियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या स्वापो संघटनेचे लढवय्ये अंगोलाची हद्द ओलांडून आत आले, तेव्हा त्यांना अडवायला किंवा सामावून घ्यायला उत्तर सीमेवर शांतिसेना जवळजवळ नव्हतीच. तोवर नामिबियावर राज्य करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेने आपल्या पलटणी बराकींतून बाहेर काढायची परवानगी मागितली. अहतिसारींनी ती दिली. पुढच्या काही दिवसांत स्वापोची सुमारे तीनशे माणसं मारली गेली.

तिथेच मोहीम बुडायची. बुडाली नाही, याचं श्रेय मुलकी कामाला जातं. देशभर चाळीसहून अधिक राजकीय कचेऱ्या उघडल्या गेल्या. तिथली माणसं गावोगाव फिरून सांगायची, की मत कुणाला दिलं हे कुणालाही कळणार नाही. नोव्हेंबरात सुमारे ९७ टक्के मतदान झालं आणि २१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला. अहतिसारींना २००८ साली शांततेचं नोबेल मिळालं. एप्रिलचा तो पहिला आठवडा मात्र त्यांच्या नावाला चिकटून राहिला.

नामिबियाच्या यशावर भाळून शेजारच्या अंगोलात तोच खेळ स्वस्तात करायचं ठरलं. देश त्याहून मोठा, वस्ती कित्येक पट, आणि दिमतीला लष्करी निरीक्षक फक्त साडेतीनशेच्या आसपास. १९९२ मध्ये तिथे ब्रिटनच्या मार्गारेट अँस्टी गेल्या. लष्करी घटक असलेल्या मोहिमेच्या प्रमुखपदी आलेली ही पहिली स्त्री. सुरक्षा परिषदेच्या ठरावाचा क्रमांक होता ७४७. त्यावरून अँस्टी म्हणायच्या, की उडवायला दिलंय जंबो जेट आणि इंधन मात्र छोट्या विमानापुरतं. सप्टेंबरात निवडणूक झाली, बंडखोर नेते साव्हिम्बी यांनी निकाल धुडकावला आणि युद्ध पुन्हा पेटलं. त्यांना रोखायला अँस्टींकडे बटालियन सोडाच, एक कंपनीसुद्धा नव्हती.

बोस्नियाची गोष्ट वेगळी. युगोस्लाव्हियातल्या मोहिमेचे पहिले प्रमुख मुलकी नव्हतेच. मार्च १९९२ पासून वर्षभर फोर्स कमांडर आणि मोहीमप्रमुख अशा दोन्ही खुर्च्या लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार यांच्याकडे होत्या. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. बेळगावच्या केंद्राशी नातं असलेल्या कितीतरी मराठी घरांना हे नाव परकं नाही. तिथलं युद्ध वाढत गेलं तशी मुलकी प्रमुखाची गरज भासली आणि जानेवारी १९९४ मध्ये जपानचे यासुशी आकाशी आले. त्यांच्या हातात एक चमत्कारिक अधिकार होता. नाटोची विमानं हल्ला करणार, तर दोन किल्ल्या फिरायला हव्यात: एक नाटोची, दुसरी संयुक्त राष्ट्रांची. दुसरी आकाशींकडे. जमिनीवर विखुरलेले आपले सैनिक सर्ब फौजा ओलीस धरतील, ही भीती खरी होती. मे १९९५ मध्ये तसं झालंही. त्यामुळे किल्ली फिरायची क्वचित आणि उशिरा. ११ जुलै १९९५ रोजी स्रेब्रेनित्सा हे गाव सर्ब फौजांच्या हाती पडलं. पुढच्या दिवसांत सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले. महिनाअखेरीस सरचिटणिसांनी किल्ली मुलकी हातातून काढून लष्करी सेनापतीकडे सोपवली. लष्करावर मुलकी अंकुश हवा, हे तत्त्व आपल्याला लोकशाहीने शिकवलंय. बोस्नियात तो अंकुशच हत्ती जागचा न हलण्याचं एक कारण झाला.

प्रमुख आणि सेनापती यांचं आपसात जमलं नाही, तर काय होतं? २००० साली सिएरा लिओनमध्ये फोर्स कमांडर होते भारताचे मेजर जनरल विजय जेटली आणि मुलकी प्रमुख नायजेरियाचे ओलुयेमी अडेनिजी. मे महिन्यात बंडखोरांनी शेकडो शांतिसैनिक ओलीस धरले. कैलाहुनला भारतीय तुकडी वेढ्यात अडकली. जुलैत ‘ऑपरेशन खुकरी’ करून तिची सुटका झाली. पण सप्टेंबरात जेटलींचं एक गोपनीय टिपण वर्तमानपत्रात फुटलं. त्यात नायजेरियन सहकाऱ्यांवर आणि खुद्द मुलकी प्रमुखांवर आरोप होते. अखेर भारताने आपली फौज परत नेली.

जुबातच २०१६ साली याची दुसरी बाजू दिसली. जुलैच्या लढाईत शांतिसेना लोकांना वाचवू शकली नाही. निवृत्त डच जनरल पॅट्रिक कॅमर्ट यांच्या चौकशीने वरिष्ठांच्या नेतृत्वाच्या अभावावर बोट ठेवलं. घरी गेले ते फोर्स कमांडर, केनियाचे. केनियाने चिडून आपले सैनिकच काढून घेतले. मुलकी प्रमुखांची मुदत तशीही संपत आली होती.

इथवर वरच्या खुर्चीचं झालं. ज्याच्यावाचून मोहिमेचं पान हलत नाही असा आणखी एक मुलकी अधिकारी असतो, आणि वर्तमानपत्रांत त्याचं नाव कधी येत नाही: मोहीम-साहाय्याचा संचालक. डिझेल, पिण्याचं पाणी, हेलिकॉप्टरचे तास, शिधा, तंबू, संडास, सगळं त्याच्याकडे. इटलीतल्या ब्रिंडिसीला मालाचा मोठा तळ, युगांडातल्या एन्टेबीला सेवाकेंद्र. सैनिक पाठवणाऱ्या देशाला दर माणशी दरमहा भरपाई मिळते. २०१८ साली ती १,४२८ डॉलर होती. देशाने आणलेल्या गाड्या आणि जनित्रं यांचं भाडं निराळं, आणि ती चालू स्थितीत आहेत का, याची तपासणी ठराविक काळाने. सेनापती नकाशा पसरून गस्त ठरवतो. ट्रकला डिझेल आहे का, हे मात्र या माणसाची वही सांगते.

त्या वहीतली एक चूक किती मोठी होऊ शकते? हैतीत ऑक्टोबर २०१० मध्ये मिरबालेजवळच्या नेपाळी तुकडीच्या तळावरचं मैलापाणी ओढ्यात, तिथून देशाच्या सर्वांत मोठ्या नदीत गेलं. मैला उपसण्याचं काम खासगी कंत्राटदाराकडे होतं. पटकीची साथ पसरली आणि जवळपास दहा हजार माणसं दगावली. आपण पुरेसं केलं नाही, अशी माफी संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणिसांनी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये. गोळी एकही सुटली नव्हती. राजकीय निर्णयही कुणी घेतला नव्हता. सांडपाण्याच्या नळ्या आणि खड्डा कुणी नीट तपासला नाही, एवढंच.

त्याच हैतीत २०१० सालीच, १२ जानेवारीच्या भूकंपात मोहिमेचं मुख्यालय कोसळून प्रमुख हेदी अन्नाबी आणि उपप्रमुख लुईस कार्लोस दा कोस्ता गेले. संयुक्त राष्ट्रांची १०२ माणसं त्या दिवशी गेली. गणवेश नाही म्हणून मरण चुकतं असं नाही. १९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादमध्ये संयुक्त राष्ट्रांची कचेरी असलेल्या कनाल हॉटेलवरच्या स्फोटात २२ जण मेले; त्यांत होते तिथले सरचिटणिसांचे विशेष प्रतिनिधी, ब्राझीलचे सर्जिओ व्हिएरा द मेल्लो.

द मेल्लोंची बगदादआधीची कामगिरी या आढाव्यात मुद्दाम वेगळी ठेवायला हवी. १९९९ ते २००२ या काळात ते पूर्व तिमोरचे प्रशासक होते. पहिल्याच नियमाने सारी कायदेविषयक आणि कार्यकारी सत्ता त्यांच्याकडे आली. कर, न्यायाधीशांच्या नेमणुका, चलन, सगळ्यावर सही त्यांची. इतकी सत्ता हाती आल्यावर खुर्चीचा मोह कुणालाही पडला असता. तिमोरी लोक चिडले, की आमच्याच देशात आम्ही पाहुणे. द मेल्लोंनी ते ऐकलं आणि २००० च्या मध्यापासून मंत्रिमंडळात तिमोरी माणसं घेऊन खाती वाटून दिली. २० मे २००२ रोजी देश स्वतंत्र झाला. पण घाईत उभ्या केलेल्या संस्था पुरत्या रुजल्या नव्हत्या. २००६ साली पोलीस आणि लष्कर आपसात भिडले, सुमारे दीड लाख लोक बेघर झाले आणि नवी मोहीम पाठवावी लागली. तिचे प्रमुख म्हणून भारताचे अतुल खरे गेले. शिक्षणाने डॉक्टर, पेशाने परराष्ट्रसेवेतले खरे पुढे न्यूयॉर्कच्या मुख्यालयात गेले आणि जगभरच्या मोहिमांच्या रसदीचं खातं त्यांच्याकडे आलं.

शेवटची उसनवारी यजमानाच्या संमतीची. मालीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी जून २०२३ मध्ये सुरक्षा परिषदेत उभं राहून मोहीम तात्काळ हटवा, असं सांगितलं. दहा वर्षांत तीनशेवर शांतिसैनिक गमावलेली मोहीम ३१ डिसेंबरपर्यंत गुंडाळायची होती. मॉरिटानियाचे मुलकी प्रमुख एल-घासिम वान यांच्या वाट्याला आलं ते एकेक तळ रिकामा करणं. ऑक्टोबरअखेर किदालहून निघालेल्या ताफ्याखाली वाटेत सुरुंग फुटत राहिले.

पुन्हा जुबाच्या फाटकाकडे येतो. फाटकं फक्त तिथेच उघडली नव्हती. देशभरच्या तळांवर लोक आत घेतले जात होते. अकोबो हा त्यांतला एक लहानसा तळ, तिथे भारतीय जवान होते. आसऱ्याला आलेल्या डिंका जमातीच्या लोकांना मारण्यासाठी १९ डिसेंबरला, म्हणजे लढाई सुरू झाल्यानंतर चौथ्या दिवशी, मोठा सशस्त्र जमाव त्या तळावर चालून आला. दोन भारतीय सैनिक तिथे मारले गेले, आसऱ्याला आलेल्यांपैकीही काही जण गेले. जॉन्सन २०१४ च्या जुलैत परतल्या. लोक मात्र आतच राहिले. पुढच्या वर्षी देशभरच्या तळांवर मिळून त्यांची संख्या दोन लाखांवर गेली. त्यांचं पाणी, संडास, पहारा आणि भांडणं पुढच्या प्रत्येक प्रमुखाने सांभाळली. जुबातल्या वस्त्या सरकारच्या ताब्यात द्यायला २०२० नंतरची वर्षं उजाडली. फाटकं उघडायचं ठरलं एका सकाळी. त्यासाठी जे उसनं घेतलं, ते फेडायला सात वर्षांहून अधिक काळ लागला. त्यातला सर्वांत पहिला हप्ता अकोबोत दोन भारतीय घरांनी भरला.