एबी डिव्हिलियर्सचं आडनाव फ्रेंच कसं?

एबी डिव्हिलियर्स दक्षिण आफ्रिकेचा, पण त्याचं आडनाव मूळचं फ्रेंच आहे. फ्रेंचमध्ये त्याचा उच्चार साधारण 'द व्हिलिए' असा होतो. 'व्हिलिए' म्हणजे छोटी वस्ती. फ्रान्समध्ये या नावाची अनेक गावं आहेत. 'द' म्हणजे 'चा'. थोडक्यात, आपल्याकडच्या 'वाडीकर'सारखं हे गावावरून पडलेलं आडनाव.

मग ते आफ्रिकेत कसं पोहोचलं?

१६८५ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं. ह्यूगनो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लोकांना देश सोडायलाही बंदी होती. तरीही अनेकजण निसटले. त्यांपैकी पिएर, अब्राहम आणि जेकब हे तीन डिव्हिलियर्स भाऊ १६८९ मध्ये केपला उतरले. तिथला कारभार डच ईस्ट इंडिया कंपनीकडे होता आणि तिला द्राक्षबागा जाणणारे शेतकरी हवेच होते. ह्यूगनो जिथे वसले, ते गाव आज 'फ्रान्शहूक', म्हणजे 'फ्रेंचांचा कोपरा', म्हणून ओळखलं जातं.

मात्र कंपनीने फ्रेंच कुटुंबांना डच शेतकऱ्यांमध्ये विखरून वसवलं. शाळेत डच भाषा आली आणि काही पिढ्यांतच फ्रेंच बोलणारं कुणी उरलं नाही. धर्म टिकवण्यासाठी त्यांनी देश सोडला, पण भाषा गमावली. उरली ती डिव्हिलियर्स, ड्यू प्लेसीसारखी आडनावं.