फोटो म्हणजे आकडेच

मुलांना संगणक शिकवताना आपण माऊस आणि रंगांच्या बादलीपर्यंत पोचतो आणि तिथेच थांबतो. चित्र आत साठतं कसं, हे सांगायचं राहून जातं. मग चुकीच्या समजुती मोठेपणीही सुटत नाहीत.

गैरसमज: संगणकात फोटो जसाच्या तसा ठेवलेला असतो.

वस्तुस्थिती: आत फक्त आकडे असतात. चौकटीच्या वहीत आठ बाय आठचा चौरस घ्या. रंगवलेली चौकट १, रिकामी ०. एका मुलाने नुसते आकडे वाचायचे, दुसऱ्याने पाठमोरं बसून चौकटी भरायच्या. मूळ चित्र न पाहता तेच चित्र दुसऱ्या वहीत उतरतं! आता तेच ६४ आकडे दहा-दहाच्या ओळींत भरायला सांगा, चित्र पार विस्कटतं. फाइलमध्ये रुंदी आणि उंची का नोंदवावी लागते, हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात उतरवला, तो १७६ बाय १७६ चौकटींचा होता. या चौकटी म्हणजेच पिक्सेल.

गैरसमज: पडद्यावरचा पिवळा रंग पिवळाच असतो.

वस्तुस्थिती: पांढऱ्या किंवा पिवळ्या चित्रावर चांगलं भिंग धरा. लाल, हिरवे, निळे बारीक ठिपके दिसतील. पिवळ्या जागी लाल आणि हिरवे तेवढे पेटलेले असतात. रंगपेटीतला लाल-हिरवा मिसळून मातकट तपकिरी पाहिलेल्या मुलाला हे पटत नाही, आणि त्याची शंका रास्त आहे. कागदावरचे रंग प्रकाश शोषतात, पडद्यावर प्रकाशात प्रकाश मिळतो. सहसा प्रत्येक रंगाला ० ते २५५ पायऱ्या असतात, म्हणजे तिघांच्या मिळून १,६७,७७,२१६ छटा. भडक पिवळा म्हणजे २५५, २५५, ०.

गैरसमज: झूम केलं की लपलेलं दिसतं आणि मेगापिक्सेल जास्त म्हणजे फोटो उत्तम.

वस्तुस्थिती: जे टिपलंच नाही ते झूम करून येत नाही, चौकटी तेवढ्या मोठ्या होतात. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल. ४००० बाय ३००० चा फोटो १२ मेगापिक्सेलचा. पण उजेड कमी आणि लेन्स सुमार असेल, तर सव्वा कोटीच्या आसपास चौकटींतही फोटो धूसरच येणार.

यातलं बहुतेक शिकवायला संगणकाची खोली लागत नाही. शिक्षकांनी चौकटीच्या वहीचा खेळ एकदा वर्गात जरूर घ्यावा.