काळ्या मातीतले कमरेचे हत्यार

डोणगावच्या शिवारात मार्चपासून मृगापर्यंत फुफाटा उडतो आणि मृगानंतर पार दसऱ्यापर्यंत गारा पायाला चिकटतो. त्यात मळणीयंत्र लागले की सोयाबीनचे कुटार घरात, कपाटात, कपड्यांच्या घड्यांत शिरते. कपाटात शिरणारी धूळ कमरेच्या हत्यारातही शिरते. जुन्या नागपूर-औरंगाबाद रस्त्यावरच्या मेहकर तालुक्यातल्या या बाजाराच्या गावात पोलीस ठाणे आहे, व्यापार आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगण्याची वेळ इथे मोजक्याच लोकांवर येते. ज्यांच्यावर येते, त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो : या मातीत कोणते हत्यार भरवशाचे? आणि सरावाला तेच वापरावे की वेगळे? गेल्या साठ-पासष्ट वर्षांत या प्रश्नाचे उत्तर कसकसे बदलत गेले, ते इथे मांडतो आहे.

सुरुवात कायद्यापासून करावी लागते, कारण आपल्याकडे निवड आधी कायदा करतो आणि मग माणूस. १८७८ चा इंग्रजी शस्त्र कायदा जाऊन १९५९ चा कायदा आला. त्याच्या तेराव्या कलमात पीक राखणीसाठी तोंडाने भरायच्या बंदुकीला आणि संरक्षणासाठी किमान वीस इंची नळीच्या गुळगुळीत बंदुकीला परवाना देण्याची वाट मोकळी ठेवली होती. त्यामुळे आमच्या भागात बंदूक म्हणजे ठासणीची किंवा बारा बोअरची. रानडुक्कर आणि रोही हाकलायला तीच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर कडक बंधने आली आणि बऱ्याच बंदुका भिंतीवर गेल्या. पिस्तुलाला शेतात कधीच काम नव्हते. ते पोलीस अधिकाऱ्याच्या कमरेला, नाहीतर जिवाला धोका असल्याचे सिद्ध करून परवाना मिळवलेल्या एखाद्या व्यापाऱ्याच्या गल्ल्याखाली.

नागरिकाला मिळणाऱ्या बोअरवरही बंधन आहे. ९ एमएम, .३८, .४५५ ही निषिद्ध बोअर. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला मुख्यतः .३२ आणि .२२ येतात. ऐंशीच्या दशकात परदेशी हत्यारांची आयात सर्वसामान्यांसाठी बंद झाली. तेव्हापासून आधीच देशात असलेल्या जुन्या विलायती पिस्तुलांच्या किमती लाखांत गेल्या. चाळीस-पन्नास वर्षे जुने, स्प्रिंगा थकलेले, सुटे भाग न मिळणारे पिस्तूल केवळ नावासाठी इतक्या पैशांना घेणे मला कधीच पटले नाही. धुळीत वापरायच्या हत्यारासाठी तर नाहीच नाही.

पोलीस अधिकाऱ्यांच्या कमरेला स्वातंत्र्यानंतरही बराच काळ इंग्रजी वळणाचे रिव्हॉल्व्हर राहिले. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचा हा वाण. त्याचा मोठा भाऊ, .४५५ चा मार्क सहा, पहिल्या महायुद्धात खंदकांच्या चिखलात वापरला गेला होता आणि चिखल सोसणारे हत्यार म्हणून त्याचे नाव झाले होते. हे नाव रास्त होते, पण अर्धेच. रिव्हॉल्व्हरचा गुण असा की एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढायचा. चकरी फिरते आणि पुढचे काडतूस घोड्यासमोर येते. घाबरलेल्या माणसाच्या हातात याहून सोपे काही नाही. बाहेरची धूळ फडक्याने पुसता येते, आत मॅगझिन नाही, सरकणारा स्लाइड नाही.

दोष मात्र एका जागी लपलेला असतो. वेब्ली पद्धतीचे रिव्हॉल्व्हर कडी दाबून मधोमध मोडले की नळी खाली जाते आणि चकरीच्या मागून चांदणीच्या आकाराची पट्टी वर उठते. तीच रिकाम्या पुंगळ्या बाहेर काढते. या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे दोन-चार कण किंवा मातीचा बारीक खडा बसला तर ती पुन्हा पूर्ण खाली टेकत नाही. चकरी घासते, चाप जड होतो, आणि कधी फिरतच नाही. हत्यार नीट न कलंडवता घाईत मोडले तर पुंगळीची कड चांदणीखाली अडकते, मग ती नखाने काढत बसावे लागते. म्हणून जुने जाणते आर्मरर रिव्हॉल्व्हर साफ करताना नळीआधी चांदणी उचलून तिच्याखाली कोरडा ब्रश फिरवतात. नळी चकचकीत आणि चांदणीखाली काजळी, असे हत्यार आमच्या हवामानात पहिल्या सहा गोळ्यांनंतर दगा देऊ शकते.

पुढे पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचे ९ एमएम पिस्तूल सैन्यात आणि पोलिसांत आले. मुळात ते बेल्जियमचे ब्राउनिंग हाय पॉवर. जॉन ब्राउनिंग १९२६ साली वारला, दियुदोने सेव्ह याने काम पुरे केले आणि १९३५ साली पिस्तूल बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या इंग्लिस कारखान्यात ते निघत होते, आणि ईशापूरचे पिस्तूल त्याच घडणीचे आहे. मॅगझिनमध्ये तेरा काडतुसे. सहाच्या जागी तेरा, आणि मॅगझिन बदलायला क्षणभर. हा फार मोठा फरक होता. पण त्याबरोबर एक नवी जबाबदारी आली, ती म्हणजे मॅगझिन सांभाळण्याची.

पिस्तूल अडकले की लोक पिस्तुलाला दोष देतात. बहुतेक वेळा दोष मॅगझिनचा असतो. पत्र्याचे ओठ किंचित वाकलेले असतात, आतल्या तळपट्टीवर तेल आणि धुळीचा चिकटा जमलेला असतो, काडतूस वर यायला एक क्षण उशीर होतो आणि स्लाइड त्याला मधेच चेपतो. अमेरिकी सैन्याला हाच धडा इराकमध्ये मिळाला. त्यांचे बेरेटा एम-९ पिस्तूल तिथल्या मैद्यासारख्या बारीक वाळूत अडकू लागले. शोध घेतला तेव्हा कळले की पिस्तुलात नव्हे, कंत्राटाने बनवून घेतलेल्या मॅगझिनांच्या खरखरीत फॉस्फेट लेपात वाळू धरून बसत होती. गुळगुळीत लेपाची मॅगझिने आल्यावर तक्रार बरीच निवळली. आमचा फुफाटाही तसाच बारीक. म्हणून धुळीच्या मुलखात पिस्तूल बाळगणाऱ्याने मॅगझिन उघडून आतून कोरडे पुसावे, तेलाचा थेंबही आत सोडू नये. तेल जास्त म्हणजे काळजी जास्त, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. प्रत्यक्षात जादा तेल धूळ ओढते, आणि काडतुसाच्या टोपीत झिरपले तर ते काडतूस फुसके करते.

२६ नोव्हेंबर २००८ ची, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याची रात्र या सगळ्या हिशेबाच्या मधोमध आहे. सीएसटीवर पोलिसांच्या हाती .३०३ रायफली आणि लाठ्या होत्या, समोर एके-४७. गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी हातांनी धरून ठेवली आणि प्राण दिले. त्याच ठिकाणी सहायक निरीक्षक हेमंत बावधनकर आणि उपनिरीक्षक भास्कर कदम यांच्या गोळ्यांनी कसाबचा साथीदार अबू इस्माईल संपला. कमरेच्या छोट्या हत्याराने, जवळच्या अंतरावरून, काही सेकंदांत. मला या प्रसंगात हत्याराच्या कंपनीपेक्षा ते हत्यार त्या क्षणी चालले आणि चालवणाऱ्याचा हात स्थिर राहिला, हे मोठे वाटते. नंतर सरकारने राम प्रधान समिती नेमली. तिने ज्या उणिवांवर बोट ठेवले, त्यांत सरावासाठी काडतुसांचा तुटवडा ही एक होती. लोकांनी चर्चा केली ती बुलेटप्रूफ जाकिटांची. सरावाच्या काडतुसांबद्दल फारसे कोणी बोलले नाही. ज्या राज्यात खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे आणि आमच्या जिल्ह्याला लागून जळगावात वरणगावला छोट्या हत्यारांची काडतुसे बनतात, तिथे पोलिसाला सरावाला गोळी कमी पडावी, याचे मला आजही वाईट वाटते.

त्या हल्ल्यानंतर राज्य पोलिसांची फोर्स वन ही कमांडो तुकडी उभी राहिली आणि नव्या हत्यारांची खरेदी झाली. ग्लॉक हे नाव त्या काळात सामान्य माणसाच्याही तोंडी आले. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेले हे पिस्तूल धुळीच्या दृष्टीने खरोखर वेगळे आहे. सांगाडा पॉलिमरचा, म्हणजे घामाने आणि पावसाने गंजायचा प्रश्नच कमी. सुटे भाग चाळीसच्या आत. बाहेर दिसणारा घोडा नाही, त्यामुळे तिथून माती आत जायची वाट नाही. भागांमध्ये थोडी मोकळीक ठेवलेली असल्याने आत गेलेली धूळ लगेच अडसर होत नाही. पोलिसांसाठी, रोज कमरेला आणि आठवडाभर उन्हापावसात, माझ्या मते ही जात योग्य. मात्र ९ एमएम असल्याने सामान्य नागरिकाला ती मिळत नाही, आणि तिचे गोडवे गाऊन नागरिकाचा प्रश्न सुटत नाही.

नागरिकासाठी कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर हा कित्येक वर्षे जवळपास एकमेव नवा पर्याय होता. वेब्लीच्याच वळणाचे, मधोमध मोडणारे, सहा गोळ्यांचे. ईशापूरचे .३२ पिस्तूल ‘अशनी’ हा दुसरा पर्याय. २०१४ साली ‘निर्भीक’ आले. टायटॅनियम मिश्रधातूचे, साधारण अर्ध्या किलोचे, किंमत सव्वा लाखाच्या घरात. महिलांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली, पण ती किंमत ऐकून आमच्याकडच्या किती घरांनी विचार केला असेल? २०२३ साली ‘प्रबल’ आले. त्याची चकरी बाजूला उघडते. हा बदल मला महत्त्वाचा वाटतो, कारण बाजूला उघडणारी चकरी साफ करायला सोपी आणि मोडणाऱ्या कडीसारखा झिजणारा सांधा त्यात नाही.

सरावाच्या हत्याराची गोष्ट निराळी. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ मध्ये जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले. त्या प्रकारात .२२ चे पिस्तूल असते, चापाचे वजन किमान एक किलो. मूठ हाताच्या मापाने कोरलेली. रेंजवर असे हत्यार सोन्यासारखे, पण कमरेला लावून धुळीच्या रस्त्यावर न्यायला निरुपयोगी. .२२ चे काडतूस स्वतःच मळकट असते, त्याच्या शिशाचा आणि मेणाचा थर नळीच्या मागच्या घरात साचतो. दर सरावानंतर साफसफाई लागते. उलट .३२ रिव्हॉल्व्हरचा दुहेरी चाप कित्येक पटींनी जड. रेंजवर त्याने मोठे गुण मिळत नाहीत, पण धावपळीत तो चुकून सुटतही नाही. एकच हत्यार दोन्ही कामांना घ्यायचा मोह होतो, आणि बहुतेकदा ते दोन्हीकडे अपुरे पडते.

शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने हा पेच जास्त घट्ट केला. एका परवानाधारकाला तीन हत्यारांऐवजी दोनच ठेवता येतात. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, ही सोय झाली खरी. स्पर्धेतल्या नेमबाजांना सवलत आहे. पण ज्याच्या नावावर आजोबांची बारा बोअर आहे, त्याच्याकडे एकच जागा उरते. अशा माणसाला मी रिव्हॉल्व्हर सांगेन. वर्षातून मोजक्याच गोळ्या झाडणाऱ्या, आठवड्याला हत्यार न उघडणाऱ्या माणसाच्या हातात मॅगझिनपेक्षा चकरी बरी. जो नेमाने सराव करतो आणि दर वेळी मॅगझिन उघडून पुसतो, त्याने पिस्तूल घ्यावे.

चामड्याच्या म्यानाबद्दलही सांगायला हवे, कारण आमच्याकडे हत्यारे बिघडतात ती बरेचदा तिथेच. कमरेवरून काढलेले रिव्हॉल्व्हर म्यानासकट कपाटात ठेवायचे आणि पुढच्या दिवाळीला बाहेर काढायचे, ही पद्धत सर्रास आहे. चामडे घाम आणि पावसाळी ओल धरून ठेवते, कमावतानाचे क्षार त्यात असतात. चार महिन्यांत नळीवर आणि चकरीवर तांबूस ठिपके पडतात. म्यान फक्त बाहेर जाताना. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार बाहेर जाताना पिस्तूल म्यानात, अंगाशी आणि झाकून असले पाहिजे. घरी कोरड्या सुती फडक्यात, कुलूपबंद, काडतुसे वेगळी.

त्याच नियमांनी परवान्यासाठी हत्यार हाताळणीचे प्रशिक्षण आणले. एकदा घेतलेले प्रमाणपत्र मात्र पाच वर्षांनी हात स्थिर ठेवत नाही. परवान्यावर वर्षाला किती काडतुसे घेता येतील, ते ठरलेले असते, आणि त्यातली बरीचशी सरावात घालवावीत असे फार थोड्यांना वाटते. निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करायचे आणि निकालानंतर परत आणायचे, एवढाच अनेक हत्यारांचा प्रवास असतो. वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आणि १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी उभे राहिलेले बालेवाडीचे संकुल आपल्याला कित्येक शे किलोमीटर लांब. सोयाबीन विकून आलेला माणूस दहा गोळ्या झाडायला पुण्याला जाईल, अशी अपेक्षा करणे चूक आहे.

म्हणून जिल्हा प्रशासनाला एक विनंती. पोलिसांच्या वार्षिक गोळीबार सरावाच्या दिवसांत एक दिवस परवानाधारकांसाठी राखावा, आर्मररच्या देखरेखीखाली, प्रत्येकाने आपल्या परवान्यातली काडतुसे आणावीत आणि जाताना आपले हत्यार उघडून, साफ करून दाखवावे. ज्यांच्याकडे हत्यार आहे त्यांनीही येत्या पावसाळ्याआधी ते म्यानातून काढावे, चांदणीखाली आणि मॅगझिनच्या आत बघावे. जे हत्यार वापरायचे नाही आणि सांभाळायचेही नाही, ते परवान्यासह रीतसर परत करावे.