मान 'कडकन' मोडणारा कायरोप्रॅक्टर नोंदणीकृत आहे का? ब्रिटनमधला नियम काय सांगतो?

पेशंट पालथा झोपलाय, पाठीवर दाब पडतो, 'कडकड' आवाज येतो आणि पेशंट हसत उठतो. असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. पण पाठीवर दाब देणाऱ्याने नेमकं काय शिक्षण घेतलंय, हे रीलमध्ये कळत नाही. ब्रिटनमध्ये मात्र ते दोन मिनिटांत तपासता येतं.

कायदा काय आहे?

ब्रिटनमध्ये 1994 साली कायरोप्रॅक्टर्स अ‍ॅक्ट झाला. त्यानुसार जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल ही संस्था स्थापन झाली. या कौन्सिलकडे नोंदणी नसताना स्वतःला 'कायरोप्रॅक्टर' म्हणवणं हा तिथे गुन्हा आहे.

नोंदणीसाठी काय लागतं?

- कौन्सिलने मान्यता दिलेली पदवी. परदेशात शिकलेल्यांना वेगळी क्षमता चाचणी द्यावी लागते.
- चांगल्या चारित्र्याचा पुरावा.
- काम सुरक्षितपणे करता येईल इतकं शारीरिक आणि मानसिक आरोग्य.
- विमा. उपचारात इजा झाली तर पेशंटला भरपाई मिळावी, यासाठी.
- ठरलेली फी.

एकदा नाव लागलं म्हणजे काम संपलं, असं नाही. नोंदणीचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि व्यवसायाशी संबंधित शिक्षण सुरू ठेवावं लागतं.

पेशंटला याचा फायदा काय?

नोंदणीकृत व्यक्तींची यादी ऑनलाइन आणि मोफत पाहता येते. तक्रार खरी ठरली तर कौन्सिल समज देऊ शकते, कामावर अटी घालू शकते, नोंदणी निलंबित करू शकते किंवा यादीतून नाव काढू शकते.

हे महत्त्वाचं आहे, कारण मानेला झटका देताना क्वचित रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो. नोंदणी म्हणजे गुण येण्याची हमी नव्हे. पण समोरच्याचं प्रशिक्षण झालंय आणि चूक झाली तर जाब विचारणारं कुणीतरी आहे, एवढी खात्री त्यातून मिळते.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात कायरोप्रॅक्टरसाठी अशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे पाटीवरच्या नावावरून फारसं काही समजत नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टसाठी राज्य परिषद आहे, तर अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे होते. म्हणून उपचार करणाऱ्याला थेट विचारा: पदवी कोणती, नोंदणी कोणत्या परिषदेकडे, क्रमांक काय?

हातपाय बधिर होत असतील, लघवीवरचा ताबा जात असेल किंवा हाडं ठिसूळ झाली असतील, तर मान-पाठ मोडून घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा. रीलवरचे लाइक्स कितीही असोत, नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.